पेला आणि धर्म

डिसेंबर सरूं लागला कीं पुण्यांतील सुशिक्षित घरांतून एक वाक्य हटकून कानीं पडतें : "हें सारें ख्रिस्ती लोकांचें खूळ, त्यांच्या सणापायीं आमचीं मुलें बिघडलीं." हें बोलणारे गृहस्थ बहुश्रुत असतात, त्यांच्या कपाटांत चांगले ग्रंथही असतात. तथापि त्या एवढ्याशा वाक्यांत दोन असत्यें आणि एक अन्याय दडलेला आहे. तो उघड करणें एवढाच या लेखाचा हेतु. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाहीं, आणि म्हणूनच हें आम्हीं सांगणें अधिक उचित, असें आम्हांस वाटतें.

पहिलें असत्य असें कीं, एकतीस डिसेंबरची रात्र हा ख्रिस्ती सण आहे. वस्तुतः 1 जानेवारीस वर्ष आरंभण्याची चाल रोमन लोकांची. ख्रिस्तपूर्व 45 मध्यें ज्यूलियस सीझरनें जी सुधारलेली कालगणना अंमलांत आणली, तींत ती होती. तेव्हां ख्रिस्ताचा जन्मही झालेला नव्हता. उलट, ख्रिस्ती इंग्लंडांत 1751 सालापर्यंत कायद्याचें वर्ष 25 मार्चला सुरू होत असे. दुसरें असत्य असें कीं, मद्यपान हें त्या धर्माचें लक्षण आहे. पंडिता रमाबाई 1883 मध्यें ख्रिस्ती झाल्या. अमेरिकेच्या प्रवासानंतर 1889 मध्यें प्रसिद्ध केलेल्या मराठी ग्रंथांत त्यांनीं तेथील स्त्रियांच्या मद्यपानविरोधी चळवळीची माहिती आस्थेनें दिली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 मध्यें ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलों, अशी त्यांची धारणा होती. त्या पुलाखालून मद्याची नदी वाहत होती, असें कोण म्हणेल? आजही कित्येक मराठी ख्रिस्ती कुटुंबें ती मध्यरात्र चर्चमध्यें प्रार्थनेंत घालवितात.

मग ती रात्र खरोखर कोणाची? ती पाहावयाची तर भोर आणि वेल्हे या तालुक्यांत जावें. वेल्ह्यास आतां राजगड तालुका असें नांव मिळालें आहे. भाटघर, नीरा-देवघर आणि पानशेत या धरणांच्या कांठीं, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशीं, भाड्यानें मिळणाऱ्या घरांतून त्या रात्रीं जो गोंधळ चालतो, त्यांत आमचींच मुलें असतात. ज्यांच्या देव्हाऱ्यांत सकाळीं घंटा वाजते, ज्यांच्या भिंतीवर शिवरायांची तसबीर असते, त्याच घरांतलीं हीं मुलें. ज्या रायरेश्वरावर स्वराज्याची शपथ घेतली गेली असें परंपरा सांगते, तो याच भोर तालुक्यांत आहे, हें त्यांना शाळेंत आपणच शिकविलेलें असतें.

आमच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं असेंच एक घर वेल्ह्याकडे घेतलें होतें. त्यांत नगर जिल्ह्यांतून आलेला एक ख्रिस्ती मुलगा होता. "तुझाच सण, पहिला पेला तुझा," असा त्याच्यामागें आग्रह सुरू झाला. तो नको म्हणाला, तेव्हां एकानें विचारलें, "ख्रिस्ती असून पीत नाहींस?" तो हंसला, रागावला नाहीं, उपदेशही केला नाहीं. त्यानें सर्वांसाठीं पिठलें-भात रांधला, त्यांच्या गाण्यांत सूर मिळविला, आणि बाराच्या सुमारास पडवींत जाऊन घटकाभर एकटाच बसला. गांवीं त्याची आई त्याच वेळीं प्रार्थनेस बसलेली असणार. पहाटे दोघांनीं मोटारसायकल काढून पाबे घाटानें पुण्यास निघण्याचें ठरविलें, तेव्हां त्यानें किल्ली खिशांत घातली, शिव्या खाल्ल्या, आणि उजाडेपर्यंत ती दिली नाहीं. हा वृत्तांत आम्हांस त्या दोघांपैकीं एकानें सांगितला. त्या मुलानें स्वतः एक अक्षर काढलें नाहीं.

अन्याय म्हणतों तो हाच. मित्रांत त्यानें "तुझाच सण" हा टोमणा सोसावयाचा, आणि त्याच मित्रांच्या घरीं "यांच्यामुळेंच मुलें बिघडलीं" हा ठपकाही त्यानेंच घ्यावयाचा!

कांहीं श्रद्धाळू मंडळी विचारतील, त्यानें अशा संगतींत जावेंच कां? आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. शुभवर्तमानांतील ख्रिस्त जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसला, आणि त्याबद्दल लोकांनीं त्यास खादाड व मद्यपी म्हटलें. दानिएलानें बाबेलच्या राजाचा द्राक्षारस नाकारून भाजीपाला व पाणी मागितलें, पण दरबार सोडला नाहीं. दूर राहून शुद्ध राहणें सोपें आहे; त्यांत शेजाऱ्याचा कांहीं लाभ नाहीं. दुसरे पंडित काना गांवच्या लग्नाचा दाखला देतील : तेथें ख्रिस्तानेंच पाण्याचा द्राक्षारस केला ना? केला, पण तो यजमानाची लाज राखण्यासाठीं. एखाद्या नको म्हणणाऱ्याच्या ओठास त्यानें पेला लावल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. उलट, ज्यानें भाऊ अडखळतो तें मद्य न पिणेंच बरें, असें पौलानें रोमकरांस लिहिलें आहे.

आमचें खरें भांडण त्या आग्रहाशीं आहे. पंगतींत पाहुण्याच्या पानांत आणखी एक जिलबी वाढण्याचा आग्रह हा आमच्या समाजाचा गोड गुण. तोच आतां पेल्यास जडला आहे. जो पीत नाहीं तो मित्र नव्हे, जो नाकारतो तो आपल्याला हीन लेखतो, असें आमच्या तरुणांस वाटूं लागलें आहे. नाकारणारा शेजारीं बसला कीं पिणाऱ्यास आपलाच पेला टोचतो. त्याचा तो राग. ही भीति कोणत्याही परधर्मानें आणलेली नाहीं. ज्या घरांत मुलाच्या "नको" या शब्दास कधीं मान मिळाला नाहीं, त्या घरांत ती जन्मली.

म्हणून वाचकांतील आईबापांस आमची विनंति आहे. येत्या 1 जानेवारीस मुलगा घरीं परतला म्हणजे "कोणाच्या संगतींत होतास?" हें विचारूं नका. "नको म्हणणाऱ्या कोणास आग्रह केलास काय?" एवढेंच विचारा. आणि त्याच्या मित्रांत घाटाच्या माथ्यावर किल्ली खिशांत घालणारा कोणी असेल, तर त्याला एकदां जेवावयास बोलवा. त्याचा धर्म कोणता, हें पान वाढून झाल्यावर विचारलें तरी चालेल.