आडनाव बदलून जात जाते का?

कोल्हापुरात खोली भाड्याने बघायला गेलेल्या आपल्या पोरांना पहिला प्रश्न डिपॉझिटचा नसतो. "आडनाव काय?" हा असतो. 'कांबळे' म्हटले की खोली नेमकी कालच गेलेली असते. याला वैतागून आपल्यातले काही शिकलेले तरुण राजपत्रात नाव छापून आडनाव बदलतात. मग आपलेच काही कार्यकर्ते त्यांना पळपुटे म्हणून हिणवतात. आम्हाला या दोघांशीही बोलायचे आहे.

आधी आपल्या आडनावांचा इतिहास बघू. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या आपल्या पूर्वजांची नावे कोरली आहेत. ती 'नाक' या प्रत्ययाने संपतात. पुढे पलटण, शाळा, गिरणी अशा ठिकाणी नाव नोंदवायची वेळ आली, तेव्हा कुणी कुळाचे नाव लावले, कुणी गावाला 'कर' जोडला.

खुद्द बाबासाहेबांचेच बघा. वडील रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नाव दाखल झाले, ते 'भिवा रामजी आंबेडकर'. हे आडनाव गावावरून आले की आंबेडकर नावाच्या शिक्षकांमुळे, यावर आपल्यात अजून हातघाईवर येऊन वाद होतात. बाबासाहेबांनी स्वतः त्या शिक्षकांची आठवण मायेने सांगितली आहे. ती झाकायचे काही कारण नाही. पण खरा प्रश्न वेगळाच आहे. शाळेच्या रजिस्टरात आडनाव बदलल्यावर भिवाला सगळ्यांसोबत बसता आले का? नाही. बसायला वेगळे गोणपाट होते ते होतेच, पाणी दुसऱ्याने वरून ओतायचे तेही तसेच राहिले. आडनावाने बाबासाहेबांना मोठे केले नाही. बाबासाहेबांनी आडनाव मोठे केले.

आता कोल्हापूरचा दाखला घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एक वाट नावाची. अस्पृश्य जातींना हिणवणाऱ्या नावांऐवजी त्यांनी 'सूर्यवंशी', 'सरदार', 'पंडित' अशी मानाची नावे दिली. दुसरी वाट व्यवहाराची. १९१८ मध्ये त्यांनी महार वतन रद्द केले. गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली. हॉटेल कांबळ्यांचे आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी "गंगाराम, आडनाव बदल" असे सांगितले नाही. ते स्वतः जाऊन तिथला चहा प्यायले, सोबतच्या मंडळींनाही प्यायला लावला. नावे देण्यामागचा हेतू थोरच होता. पण जातीला खरा धक्का बसला तो त्या कपाने. कारण तिथे बदलायचे होते ते गिऱ्हाइकाने, कांबळ्यांनी नव्हे.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. जर्मनीतल्या प्रशियाने १८१२ मध्ये ज्यूंना नागरिकत्व देताना अट घातली, कायमचे आडनाव घ्या. त्यांनी जर्मन धाटणीची आडनावे घेतली, पिढ्यानपिढ्या लावली. १९३८ मध्ये नाझी सरकारने फर्मान काढले. ज्यांच्या नावावरून ज्यूपण ओळखू येत नाही, त्या पुरुषांनी नावापुढे 'इस्रायल' आणि बायकांनी 'सारा' लावावे. सव्वाशे वर्षे लावलेले आडनाव त्यांना वाचवू शकले नाही. द्वेष करणाऱ्याला नाव पुरले नाही, तर तो नवीन नाव चिकटवतो. आपल्याकडे फर्मानाचीही गरज लागत नाही. "गाव कुठले? कुलदैवत कुठले? पाहुणे कुठले?" एवढ्या तीन प्रश्नांत आडनावाचा पडदा गळून पडतो.

म्हणून आडनाव बदलणाऱ्या भावाबहिणींना आमचे सांगणे आहे, निर्णय तुमचा आहे, पण पूर्ण विचार करून घ्या. राजपत्र, शाळेचा दाखला, आधार, सगळीकडे बदल जुळवून ठेवा. जात पडताळणीला आजोबा-पणजोबांचे जुने दाखले लागतात. त्यावरचे आडनाव आणि तुमचे आडनाव यांची सांगड कागदावर नसेल, तर ऐन प्रवेशाच्या वेळी खेटे घालावे लागतात.

आणि हिणवणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारतो, खोली नाकारणाऱ्या घरमालकाला तुम्ही कधी जाब विचारलात का? तोंडी परीक्षेत आडनाव ऐकून ज्याचा चेहरा बदलतो, त्या परीक्षकाला? लेखी परीक्षेच्या पेपरावर फक्त बैठक क्रमांक चालतो, तर मुलाखतीच्या टेबलावर आडनाव कशाला हवे, अशी मागणी आपल्या किती संघटनांनी लावून धरली? जो सोसतो त्यालाच शौर्याची परीक्षा द्यायला लावणे सोपे असते.

आम्ही आमचे आडनाव लपवणार नाही, आणि ज्याने लपवले त्याला लाजवणारही नाही. लाज वाटायला हवी ती विचारणाऱ्याला. चळवळीचे बोट त्याच्याकडे वळले पाहिजे.

जय भीम!