चाळीस तास कुठून आणायचे?

ऑटिझम असलेल्या मुलाला आठवड्याला ४० तास वर्तन उपचार हवेत, असे पालकांना सांगितले जाते. हा आकडा अमेरिकेतल्या इवार लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासामुळे गाजला. त्यात १९ मुलांना एकास एक शिकवणी होती.

आम्ही देऊळगाव राजाचे. माझ्या पुतण्याला आधी जालन्याला, मग संभाजीनगरला नेऊ लागलो. एसटीचा प्रवास, भाभीचा अख्खा दिवस, भावाचा बुडालेला रोज, आणि मुलाच्या वाट्याला पाऊण तास. नातेवाईक आणि शेजारी, हिंदू-मुसलमान दोन्ही, म्हणायचे, एकदा सैलानीला घेऊन जा. त्यांचा मला राग येत नाही. तिथे निदान अपॉइंटमेंट लागत नाही.

उपचारांवरही माझा राग नाही. एखादी गोष्ट छोट्या पायऱ्यांत शिकवायची आणि पायरी जमली की लगेच आवडीचे काही द्यायचे, याच पद्धतीने पोरगा ग्लासचे चित्र हातात देऊन पाणी मागायला शिकला. त्याआधी तहान लागली की भिंतीवर डोके आपटायचा. आमच्या घरात ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे बाहेरच्याला कळणार नाही.

पण एका केंद्रात सांगितले, घरात उर्दू बंद करा, फक्त मराठी बोला. म्हणजे ज्या दादीच्या मांडीवर तो झोपतो, तिने गप्प बसायचे? मी हे मराठीत लिहितोय, मराठी माझीच आहे; पण अम्मीचे लाड उर्दूतच होतात. दोन भाषांमुळे अशा मुलांचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या संशोधनात दिसलेले नाही. दुसरी सूचना, हात फडफडवू देऊ नका. का? पाणी मागता येणे ही त्याची गरज आहे, हात स्थिर ठेवणे ही पाहुण्यांची सोय. ऑटिझम असलेल्या कितीतरी प्रौढांनी लिहिले आहे की अशा दडपण्याचा त्यांना त्रासच झाला.

गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ मुलांवर एक वेगळा प्रयोग झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी पालक आणि मुलाच्या खेळण्याचे व्हिडिओ घेतले आणि ते पालकांसोबत बसून पाहिले. सहा महिन्यांत बारा भेटी. भर वर्तनावर नव्हता, संवादावर होता. पालक मुलांचे इशारे ओळखून प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. २०१६ साली हे 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापून आले.

त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. निरामय योजनेत एक लाखापर्यंत विमाही मिळतो, त्यात थेरपीचा खर्च धरला आहे. पण थेरपिस्ट शंभरेक किलोमीटरवर असेल, तर विमा आमचा बुडालेला रोज भरून देत नाही. आशाताई मात्र आमच्या गल्लीत येतेच. तिला हे प्रशिक्षण द्या, आणि आधीच्या कामांच्या ओझ्यावर फुकट लादू नका, त्याचे वेगळे पैसे द्या. बुलढाणा जिल्हा परिषदेने एका तालुक्यापासून सुरुवात करावी.