मूळ नोंद सांभाळणारा माणूस

गेल्या महिन्यातली गोष्ट. कचेरीतून परतलो तर आमच्या मजल्यावरचा एक मुलगा पॅसेजमध्ये वाट पाहत उभा होता. "जयभीम काका, नोकरीचं थोडं बोलायचं होतं. बाबा ऐकूनच घेत नाहीत."

मुलगा आमच्या डोळ्यांसमोर मोठा झाला. बी.कॉम. झाला, एका कारखान्याच्या खरेदी खात्यात लागला, तिथे 'सॅप' ही संगणक प्रणाली शिकला. गेली आठ वर्षे तो एका सॉफ्टवेअर कंपनीत सल्लागार आहे. मोठ्या कंपन्यांची खरेदी, साठा आणि बिले संगणकावर बसवून देणे हे त्याचे काम. आता त्याची कंपनी म्हणते, हे सोड आणि 'मास्टर डेटा मॅनेजमेंट'कडे ये. सोबतचे मित्र हसले. नावं-पत्ते दुरुस्त करायचं काम, त्यात कसलं डोकं लागतं, म्हणाले. वडिलांना तर ते फारच लागले. त्यांनी तीस वर्षे गोदामात आवक-जावकीच्या वह्या लिहिल्या. त्यांचे म्हणणे, "मी नोंदी लिहून लिहून डोळे घालवले. पोरगा वर चढला, तो पुन्हा वहीत यायचा?"

माझीही वीस वर्षे कारकुनीत गेली. त्यामुळे हा प्रश्न मला टाळता आला नाही.

आधी हे काम म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी कॉमर्स घेतले त्यांना कीर्द आणि खतावणी आठवत असेल. कीर्दीत रोजचा व्यवहार लिहायचा आणि तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. आता समजा, एकाच व्यापाऱ्याची खतावणीत चुकून दोन खाती उघडली गेली. एका खात्यावर त्याला दिलेली आगाऊ रक्कम दिसते, दुसऱ्यावर त्याचे देणे बाकी दिसते. कारकून दुसरे खाते पाहून पुन्हा पैसे देतो. कीर्द चोख, बेरीज चोख, तरी पैसे दोनदा गेले! व्यापारी कोण, माल कोणता, त्याचे बँक खाते कोणते, ही जी रोज न बदलणारी मूळ माहिती, तिला 'मास्टर डेटा' म्हणतात. ती एकच, बरोबर आणि सर्व खात्यांना सारखी ठेवणे म्हणजे तिचे व्यवस्थापन.

हजारो पुरवठादार असलेल्या कंपनीत हे नुसत्या नजरेने होत नाही. एकच दुकान एकीकडे 'अँड कंपनी', दुसरीकडे 'अँड कं.' म्हणून नोंदलेले असते. तिथे खुणा शोधाव्या लागतात. जी.एस.टी. क्रमांक घ्या. तो १५ अक्षर-आकड्यांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि गुजरातचे २४. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यापाऱ्याचा पॅन. दोन राज्यांतले दोन क्रमांक वेगळे दिसले, तरी मधली दहा अक्षरे एकच असतील तर धनी एकच. अशा खुणांवरून नियम बांधायचे आणि जुळणी यंत्राकडून करून घ्यायची. पण संशयाच्या नोंदी एक करायच्या की नाही, हे ठरवायला व्यवहार समजणारा माणूस लागतो. पुरवठादाराचे बँक खाते बदलण्याचा अर्ज आला तर तपासायचा कोणी, मंजुरी कोणाची, हेही इथेच ठरते. फसवणूक बरेचदा याच दारातून आत येते.

आजच मागणी का, तेही समजून घ्या. सॅप ही १९७२ साली जर्मनीत पाच जणांनी स्थापन केलेली कंपनी. तिच्या जुन्या 'ई.सी.सी.' प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेरपर्यंतच, असे तिने जाहीर केले आहे. म्हणून कंपन्या २०१५ साली आलेल्या 'एस-फोर हाना' प्रणालीकडे जात आहेत. जुन्या प्रणालीत ग्राहकाची नोंद वेगळी आणि पुरवठादाराची वेगळी होती. नव्या प्रणालीत दोन्ही मिळून 'बिझनेस पार्टनर' ही एकच नोंद होते. खोली बदलताना पोटमाळ्यावरचे सामान उपसावे लागते, तसा हा वर्षानुवर्षांचा पसारा आधी साफ करावा लागतो. ज्याला खरेदी कशी चालते ठाऊक नाही, तो पुरवठादाराची नोंद काय तपासणार? म्हणजे मुलाची आठ वर्षे वाया जात नाहीत, तीच त्याचे भांडवल आहेत.

आणि हे काम हलके, असे निदान आपण बी.डी.डी.वाल्यांनी तरी म्हणू नये. २०७ चाळी, त्यांतल्या १२१ वरळीत. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर मिळायचे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. पण चावीच्या आधी पात्रतेची यादी आणि यादीच्या आधी प्रत्येकाची नोंद! कागदपत्रांच्या मदतीसाठी माझ्याकडे एक विधवा भगिनी येत. भाडेपावती सासऱ्यांच्या नावे. पावतीवर त्यांचे एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, मृत्यूच्या दाखल्यावर घरात हाक मारायचे ते तिसरे. माणूस एक आणि नोंदी तीन. शाळेचा जुना दाखला शोधण्यात, प्रतिज्ञापत्रे करण्यात सात महिने गेले. हक्क खरा होता, अडले ते नोंदीत.

ही हकिगत मी मुलाच्या वडिलांसमोर सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "गोदामात दोन धन्यांच्या गठ्ठ्यांवर एकच मार्का पडला की असंच व्हायचं. साहेब मग मलाच बोलवायचे."

तरी मुलाला मी लगेच 'हो' म्हणायला सांगितले नाही. नियम तू ठरवणार की नुसते फॉर्म भरणार, हे आधी विचार म्हटले. फॉर्म भरण्याचे काम उद्या यंत्र करील, त्यासाठी आठ वर्षांचा अनुभव मोडू नये. हुद्दा आणि पगार लेखी घे. घराचे हप्ते चालू असताना राजीनामा देऊन शिकायला बसू नकोस. आहे त्याच कंपनीत एखादे काम करून पाहा, सोबत 'एस.क्यू.एल.' शिक, म्हणजे लाखो नोंदींतून हवी ती काढता येईल. नोकरीची हमी देऊन भरमसाट फी मागणाऱ्या क्लाससाठी मात्र कोणीही कर्ज काढू नये. कॉमर्स झालेल्या आपल्या मुलामुलींनी या वाटेचा जरूर विचार करावा. खतावणी समजलेल्याला ती परकी नाही.

मुलाने तीन महिने एका प्रकल्पावर काम मागून घेतले आहे. पगार तोच, जुनी जागा राखून. वडील रोज रात्री विचारतात, "आज किती दुबार सापडले?"

वाचकहो, येत्या रविवारी आपणही घरातली कागदांची पिशवी काढा. आधार, पॅन, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे पासबुक शेजारी शेजारी ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का ते पाहा. जुळत नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आजच करा. गरज पडेल तेव्हा धावपळ करण्यापेक्षा ते सोपे.