‘नव्वद नंबर द्या’ हा अर्धाच प्रश्न आहे!

मित्रांनो, आज राजकारण नाही. आज तेलाबद्दल लिहितोय. खायच्या नाही, गाडीच्या हौजिंगमधल्या तेलाबद्दल.

गेल्या हंगामात आमच्या गल्लीतल्या एका पिकअपवाल्याची गाडी राहूड घाटात उभी राहिली. मागे कांदा भरलेला, पिंपळगावच्या मार्केटला निघाला होता. आठ-दहा दिवसांपासून मागच्या एक्सलमधून ‘घूंऽऽ’ असा आवाज येत होता. मिस्त्री म्हणाला होता, "चालवा बिनधास्त." हौजिंग खोललं तर क्राऊन-पिनियनचे दात गेलेले आणि तेलात चमचमणारा चुरा. बेअरिंग, मजुरी, दुसऱ्या गाडीचं भाडं धरून अठरा हजारांना खड्डा. कांद्याचा लिलाव हुकला तो वेगळाच.

चौकशी केली तेव्हा कळलं, दोन महिन्यांपूर्वी तेल बदललं होतं. ड्रममधलं सुटं. "शेठ, नव्वद नंबर द्या," एवढंच मागितलं होतं. वाचले किती? फार तर तीनशे रुपये.

आपल्याकडे नव्वद म्हटलं की विषय संपतो. पण ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४० हे आकडे तेल किती जाड-पातळ आहे एवढंच सांगतात. दातांना ते किती सांभाळेल, हे सांगणारा शिक्का वेगळा असतो: जीएल-४, जीएल-५. दोन डब्यांवर नव्वदच लिहिलेलं असेल आणि आतली तेलं दोन वेगळ्या कामांची असतील.

आता हा फरक का महत्त्वाचा? वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. तो हिशेब डिफरन्शियल सांभाळतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत पिनियन क्राऊनच्या मधोमध न बसता थोडा खाली बसवलेला असतो. याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. लोड भरून घाट चढताना तिथला दाब एवढा वाढतो की साध्या तेलाचा थर पिळून निघतो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. ती दातांवर आपला थर धरतात आणि लोखंडाऐवजी तो थर झिजतो. म्हणून हायपॉइडला साधारणपणे जीएल-५ च लागतं.

मग सगळीकडे जीएल-५ च ओतायचं का? तेही नाही. गिअरबॉक्सच्या सिंक्रो रिंगा बऱ्याचदा पितळी असतात. काही जीएल-५ तेलांतलं गंधक पितळ खातं, आणि रिंग नीट धरतही नाही. म्हणून तिथे अनेक कंपन्या जीएल-४ सांगतात. एकाच कॅनमधून दोन्हीकडे ओतणं, ही आपल्या गॅरेजांची जुनी सवय. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तर ठीक, नाहीतर नाही. आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या कारवाल्यांनो, तुमचं डिफरन्शियल गिअरबॉक्समध्येच असतं. तुमच्याकडून कुणी ‘मागच्या हौजिंगच्या तेला’चे पैसे घेतले असतील, तर जाऊन विचारा!

आणखी एक. जुनी गाडी विकताना आवाज दाबायला १४० ओतणारे महाभाग आहेत. जाड तेलाने आवाज कमी होतो, दात उगवत नाहीत. घेणाऱ्याने लेव्हलचा बोल्ट खोलून बघावं. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बोटाला चुरा लागला तर सौदा थांबवा.

मिस्त्रीला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. त्याला कुणी शिकवलंच नाही, तो उस्तादाच्या हाताखाली बघून शिकला. पण लेबल नसलेल्या ड्रममधलं तेल भर बाजारात विकलं जातं, बिल मागितलं की "कच्चं चालेल ना?" विचारतात आणि तपासायला कुणी फिरकत नाही, याला काय म्हणायचं? ज्याची गाडी हप्त्यावर आहे, ज्याचं घर रोजच्या भाड्यावर चालतं, त्यालाच हे स्वस्त तेल सगळ्यात महाग पडतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाचा दर्जा, शुद्धता आणि किंमत जाणून घ्यायचा हक्क आपल्याला दिलाय. तो वापरा. मॅन्युअलच्या त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. सीलबंद डबा समोर फोडायला लावा. बिलावर ग्रेड आणि जीएल दोन्ही लिहून घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. आणि आपल्या आयटीआयने वर्षातून एक रविवार गावातल्या मिस्त्रींसाठी ठेवला, तर बिघडलं कुठे?

पुढच्या वेळी दुकानात "नव्वद नंबर द्या" म्हणालात की लगेच पुढचं विचारा, "जीएल किती?" शेठ गोंधळला, तर दुकान बदला.

पटलं तर तुमच्या ओळखीच्या गाडीवाल्याला पाठवा. कांद्याचा हंगाम तोंडावर आलाय.