प्रेम, इभ्रत आणि दहा बाय दहाची खोली

घरच्यांचा विरोध आणि प्रेमिकांचा निर्धार हा मराठी कादंबरीचा जुना विषय आहे. ना. सी. फडके यांच्या काळापासून वाचनालयांतून अशा कादंबऱ्यांना मागणी राहिली. त्यांचा साचाही परिचयाचा आहे. मुलगी सुशिक्षित, मुलगा होतकरू, बाप करारी. बाप नकार देतो, मुलगी अश्रू ढाळते आणि शेवटी कधी आजारपणाने, तर कधी नातवंडाच्या जन्माने बापाचे मन विरघळते. पुरोगामी टीकाकार या वाङ्मयाला पलायनवादी ठरवून मोकळे होतात. हा निकाल घाईचा आहे. आपला जोडीदार आपण निवडावा ही आकांक्षा मुळात लोकशाहीची आकांक्षा आहे आणि ती जोपासण्याचे काम या कादंबऱ्यांनीही केले आहे. त्यांचा खरा दोष दुसराच आहे. बापाची सत्ता कशाच्या आधारावर उभी आहे, हे त्या सांगत नाहीत.

हा आधार पाहावयाचा तर रे रोडला जावे. स्थानकाच्या पूर्वेस दारूखाना, जहाजतोडणी, लोखंडी भंगाराची गोदामे आणि बंदराच्या जमिनीवरील झोपड्या. पश्चिमेस माझगाव-घोडपदेवच्या जुन्या चाळी. दहा बाय दहाच्या खोलीत दोन पिढ्या, क्वचित तीन पिढ्या नांदतात. येथील मुलाने वा मुलीने मनाप्रमाणे लग्न करण्याचे ठरविले की 'कोणाशी?' हा प्रश्न घरात गाजतो. पण निर्णायक ठरतो तो 'राहणार कोठे?' हा प्रश्न. १९७० सालच्या 'मुंबईचा जावई' या चित्रपटाने चाळीतील नवदांपत्याच्या एकांताची ओढाताण दाखविली, तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसले. त्या चित्रपटातील लग्न घरच्यांच्या संमतीने झालेले होते. संमतीवाचून लग्न करणाऱ्यांच्या वाट्याला तेवढाही कोपरा येत नाही.

कायद्याची रचनाही येथे ध्यानात घ्यावी लागेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये राहत्या घराच्या भाडेकरूच्या मृत्यूनंतर भाडेहक्क मिळतो तो मृत्युसमयी त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास. अर्थात जो घराबाहेर पडला, त्याचा दावा दुबळा झाला. चाळीच्या पुनर्विकासात याच हक्काचे रूपांतर मालकीच्या सदनिकेत होते, तेव्हा दक्षिण मुंबईतील जमिनीच्या भावामुळे त्या खोलीचे मोल कुटुंबाच्या जन्मभराच्या कमाईपेक्षा अधिक ठरू शकते. घर स्वकष्टार्जित मालकीचे असेल तर बाप मृत्युपत्राने ते हवे त्यास देऊ शकतो. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलींना वडिलोपार्जित संपत्तीत समान वाटा दिला, ही मोठीच सुधारणा होय. परंतु ज्या घराण्याकडे वडिलोपार्जित असे काहीच नाही, त्यातील मुलीस तिचा उपयोग किती? 'घराण्याची इभ्रत' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा त्याच्यामागे पुष्कळदा खोलीची किल्ली असते.

मात्र या बापाला खलनायक ठरविणे हीही कादंबरीचीच चूक होईल. गोदीतील वा गोदामातील हमालाला म्हातारपणी आधार कोणाचा? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान वेतन २०१४ साली दरमहा १,००० रुपये ठरविले गेले, आणि असंघटित कामगार बहुधा त्या योजनेच्याही बाहेरच राहिला. समाज जेथे वार्धक्याची हमी देत नाही, तेथे अपत्य हीच हमी होऊन बसते. मग सून कोणती यावी आणि मुलीचा पगार किती वर्षे घरात यावा, हे प्रश्न भाकरीचे प्रश्न बनतात. विभावरी शिरूरकर ऊर्फ मालतीबाई बेडेकर यांनी हे १९३३ सालीच ओळखले होते. 'कळ्यांचे निःश्वास' मधील त्यांच्या एका कथेचे शीर्षकच 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' असे आहे. कमावत्या मुलीच्या लग्नाआड तिची कमाईच कशी येते, हे त्या संग्रहाने उघड केले आणि पांढरपेशा समाजात खळबळ उडाली. प्रेमकथेत अर्थशास्त्र आणले म्हणून ती कथा कोरडी झाली नाही. उलट, ती खरी झाली.

याहून जुना दाखला रुखमाबाईंचा. ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, तो लॉर्ड रे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्याच कारकिर्दीत या शहराच्या उच्च न्यायालयात दादाजी भिकाजी विरुद्ध रुखमाबाई हा खटला गाजला. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न रुखमाबाईंनी नाकारले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा, अन्यथा सहा महिने कारावास, असा हुकूम केला. रुखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढे इंग्लंडात शिकून त्या डॉक्टर झाल्या. त्यांचे धैर्य असामान्य होते, यात शंका नाही. पण त्यांच्या पाठीशी आई, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांचे घर आणि वडिलांकडून आलेली मिळकतही होती. नाही म्हणणाऱ्या स्त्रीच्या डोक्यावर छप्पर होते. ज्यांच्या डोक्यावर ते नव्हते, अशा किती जणी न बोलता सासरी गेल्या, याची नोंद कोणत्याही न्यायालयात सापडणार नाही.

स्वतंत्र भारताने १९५४ साली विशेष विवाह कायदा केला. पण त्यातील तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीमुळे विरोधी नातलगांना आयती संधी मिळते. २०१८ साली शक्तिवाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तींच्या निवडीत जातपंचायतींना ढवळाढवळ करता येणार नाही, असे बजावले आणि अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सुरक्षित निवारागृहे उभारण्याचा विचार राज्यांनी करावा असे सुचविले. आरंभी एक महिना आणि गरजेप्रमाणे एक वर्षापर्यंत तेथे राहता यावे, असा त्यामागील विचार. प्रेमाच्या स्वातंत्र्याला छप्पर लागते, हे न्यायालयाला समजले. महाराष्ट्र शासनाने मात्र डिसेंबर २०२२ मध्ये काय केले? आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती गोळा करणारी समिती नेमली! ज्यांना खोली हवी होती, त्यांच्यासाठी फाईल उघडली गेली.

आंतरजातीय विवाहाचा पुरस्कार समाजवादी कार्यकर्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केला, अशा लग्नांत साक्षीदार म्हणून सह्या केल्या. ते काम थोर आहे. पण सही झाल्यावर त्या जोडप्याने रात्री जावयाचे कोठे, हा प्रश्नही चळवळीचाच मानला पाहिजे. नोकरदार स्त्रियांची वसतिगृहे, परवडणारी भाड्याची घरे, प्रत्येक जिल्ह्यात चालू स्थितीतील निवारागृह आणि श्रमिकाला जगण्यापुरते निवृत्तिवेतन, या मागण्या गृहनिर्माणाच्या व कामगारांच्या म्हणून मांडल्या जातात. त्या प्रेमाच्याही मागण्या आहेत. म्हातारपणाची चिंता मिटलेल्या बापाला मुलीच्या निवडीकडे जरा मोकळ्या मनाने पाहणे सोपे जाईल. आणि त्याने तसे पाहिले नाही, तरी मुलीला जाण्यासाठी दुसरे दार असेल. रे रोडच्या मुलीवर कादंबरी लिहू पाहणाऱ्याने आधी त्या दाराचा पत्ता शोधावा.