वायद्याचा तोटा एकटा वाचू नका

नगर-केडगाव भागातल्या शेतकरी कंपन्यांसाठी थोडं. सोयाबीन-हरभऱ्याचे वायदे सेबीने २०२१ मध्ये थांबवले, कापूस त्या यादीत नव्हता. समजा, कंपनीने गोदामातल्या ४० क्विंटल कापसापोटी ७,५०० ने वायदा विकला. भाव ८,००० झाला की टॅलीत २०,००० तोटा दिसतो अन् सभेत 'सट्टा खेळले' म्हणून ओरड होते. पण तोच कापूस बाजारात २०,००० जास्त देतो की!

माझं म्हणणं एवढंच, प्रत्येक सौद्याचं वेगळं खातं उघडा, त्याला मालाचा लॉट जोडा. मार्जिन अन् रोज भरलेला फरक त्यातच लिहा. माल विकला त्याच दिवशी सौदाही कापा. मालाशिवाय उरलेला सौदा मात्र खरंच सट्टा.