क्रेनवर लागलास, पण शिकवलं कुणी?

मैत्रिणींनो, मुलगा ‘क्रेनवर लागलो’ म्हणाला की आपण पगार किती, राहायची सोय आहे का, एवढं विचारतो. ‘तुला शिकवलं कुणी?’ हे मात्र राहूनच जातं. मला वाटतं, पहिला प्रश्न तोच हवा.

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर, शहापूरजवळ सरळांबे इथे गर्डर बसवणारं अवजड यंत्र कोसळलं आणि २० जण गेले. त्याआधी बरोबर तीन वर्षं, १ ऑगस्ट २०२० ला, विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डमध्ये चाचणी चालू असताना क्रेन पडली, ११ जण दगावले. अशा वेळी एकट्या ऑपरेटरकडे बोट दाखवणं सोपं असतं. खरं तर उभारणी, तपासणी, देखरेख अशी सगळी साखळीच मजबूत लागते. प्रशिक्षण ही त्यातलीच एक कडी.

रस्त्यावर क्रेन न्यायला लायसन्स लागतं. पण लायसन्स म्हणजे गाडी चालवता येते, वजन उचलता येतं असं नव्हे. क्रेनचा हात जितका लांब पसरावा, तितकं कमी वजन ती पेलते. १४ टनांची क्रेन दर वेळी १४ टन उचलत नाही. हा हिशेब लोड चार्टवर लिहिलेला असतो, तो वाचता यायला हवा. आपल्याकडे पोरं हेल्पर म्हणून लागतात, उस्तादाचं बघून शिकतात. हात बसतो, हिशेब राहतो.

कायद्याला हे माहीत नाही असं नाही. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांतच ऑपरेटर १८ वर्षांवरचा, कामात तरबेज हवा आणि त्याची वेळोवेळी वैद्यकीय तपासणी व्हावी, असं म्हटलं होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार सुरक्षा संहितेत नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. पण कागदावरचा नियम साइटवर पोचवायला कुणीतरी विचारणारं लागतं.

ते आपण विचारू या. सर्टिफिकेट कुठल्या संस्थेचं, कोणत्या क्रेनचं? डोळे तपासले का? नेमणूकपत्र मिळालं का? सगळ्याची एकेक झेरॉक्स घरी ठेवा. आणि त्याला एवढं नक्की सांगा, मुकादमाने कितीही घाई केली तरी ‘हे वजन बसत नाही’ म्हणायला लाजू नकोस. एखादा खाडा परवडतो बाई, माणूस गेलेला परवडत नाही.